शिंगांखालचं

‘मांस सगळं तुम्हीच घेऊन टाका, सेलिना,’ असं तो माणूस काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून इतक्या मऊ आवाजात म्हणाला, की सेलिनाला आधी वाटलं हा आपलं सांत्वन करतोय, आणि मग लक्षात आलं की हो, सांत्वनच करतोय, आणि त्याबरोबर तिच्या कपाळाची शीर तडतडायला लागली. सप्टेंबर लागला की हे असंच. तळ्यावरून उडणाऱ्या छोट्या विमानांच्या ह्या कंपनीत काउंटरमागे बसून तिचे केस पिकायला आले होते. दर सप्टेंबरला खाली दक्षिणेकडच्या राज्यांतून नवे कोरे बूट घालून माणसं फेअरबँक्सला यायची, विमानात बसून रानात जायची, आणि दाढी वाढवून, मूस नावाच्या थोरल्या हरणाची शिंगं घेऊन परत यायची. शिंगांबरोबर मांस यायचंच. मांस आधी रानातून बाहेर काढायचं आणि शिंगं मागून, असा इथला कायदाच होता. पण कायदा ह्या तळ्यापर्यंत. पुढे ओहायोपर्यंत घोड्याएवढ्या जनावराचं मांस कोण डोक्यावर घेऊन जातंय? मग ते आपले इकडेतिकडे बघायचे, आणि काउंटरमागे रुंद चेहऱ्याची, इथल्या मूळ लोकांतली बाई दिसली की त्यांच्या तोंडावर दानाचं तेज चढायचं. ‘तुमच्या लोकांना चालतं ना?’ असं विचारायचे. चालतं! जसे काही तिचे लोक म्हणजे मागच्या दाराशी बसलेली मांजरं.

ह्याचं नाव ग्लेन हूपर. ओहायोत लोकांच्या घरांवर छपरं बसवायचा. ‘तुमच्या आई गेल्याचं वैमानिकाकडून कळलं,’ तो म्हणाला, ‘उद्या तुमच्याकडे मोठं जेवण आहे ना? फार वाईट वाटलं. मी ह्यातलं थोडंच घरी नेऊ शकतो. बाकीचं कामी आलं तर मलाच बरं वाटेल.’ म्हणजे बरं पुन्हा त्यालाच वाटणार. सेलिना त्याच्या मागोमाग शेडकडे गेली, मांस बघायला, आणि मांस बघून तर ती अधिकच चिडली. कारण ते स्वच्छ होतं. दरवर्षी येतं ते वाळूने माखलेलं, शेवाळ चिकटलेलं, वरून हिरवी झाक आलेलं, आणि त्यावर माणसाला मनसोक्त चिडता तरी येतं. ह्याने पांढऱ्या कापडी पिशव्यांत एकेक तुकडा वेगळा बांधला होता, वरून सुकून खपली धरली होती, वास म्हणजे नुसता थंड हवेचा. एवढं नीटनेटकं काम करून वर मऊ बोलणाऱ्या माणसाचं करायचं काय? त्याला शिवीही घालता येत नाही, आणि आभार मानावेत तर जीभ उचलत नाही.

आईला असल्या वेळी जीभ उचलायचा कधी त्रास झाला नाही. सेलिना लहान असताना गावाच्या काठावर विमान उतरायचं, कोणीतरी पिशव्या फेकायचा, हात हलवायचा, की विमान परत वर. आई पिशवी उघडून नाक खुपसायची आणि विमान डोंगराआड जाईपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. ‘मेल्यांनो, चुलीत घाला तुमची शिंगं!’ आणि मग सुरी घेऊन बसायची ती दिवसभर. सडलेला भाग काढून कुत्र्यांना, चांगला भाग वेगळा, माश्यांची अंडी खरवडून काढायची, पट्ट्या कापून धुरावर टांगायची. ‘फेकून दे ना, घाण मेली,’ सेलिना म्हणायची. तिला खेळायला जायचं असायचं. आई सुरी तशीच धरून वर बघायची. ‘त्यात मूसचा काय दोष गं? तो आला. कोणाच्या हाती आला ते त्याने कुठे बघितलं? आलेल्याला नाही म्हणायचं नसतं.’ म्हणजे माणसाला वाटेल ते बोल, पण जनावराला शब्द लागता कामा नये. हा आईचा न्याय सेलिनाला कधीच नीट जमला नाही. शहरात आल्यावर तर तिचं नेमकं उलटं झालं: माणसांशी ती हसून बोलायची, काउंटरच होतं ते, आणि राग कुठेतरी आत साठून राहायचा.

शेवटच्या आजारात आई शहराच्या हॉस्पिटलात होती. समोर थरथरणारी लाल जेली आणि उकडलेली कोंबडी यायची, आणि आई भिंतीकडे तोंड फिरवायची. ‘नाकाचा रस्सा असेल तर बघ,’ एवढंच. नाक म्हणजे मूसचं नाक, दोन ओंजळींएवढं, मऊ, चिकट, वर दाट केस. लॅम्बर्टने, सेलिनाच्या भावाने, फ्रीजरच्या तळातून गेल्या वर्षीचं एक काढून पाठवलं. ते सेलिनाने आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत विजेच्या शेगडीवर भाजायला घेतलं, केस जाळायला. धूर झाला, छताला लावलेली घंटा बोंबलायला लागली, शेजारचा पोरगा दार बडवायला लागला, आणि सेलिना एका हातात चिमट्यात नाक धरून दुसऱ्या हाताने टॉवेल फडकवत राहिली. असा जिवाचा आटापिटा करून केलेला रस्सा थर्मासमध्ये भरून नेला, तर आईने तीन चमचे घेतले, डोळे मिटले, आणि म्हणाली, ‘मीठ जास्त पडलंय.’ बस. त्यानंतर ती फारसं काही बोललीच नाही. सेलिनाला अजूनही मधूनच, भांडी घासताना, लाल दिव्याला गाडी थांबली असताना, त्या मिठाचा एवढा राग यायचा की डोळ्यांत पाणी यायचं. अगं बाई, एवढं केलं, आणि मीठ?

आणि आता उद्या पॉटलॅच. गेलेल्या माणसाला पोचवायचं जेवण. चार गावांची माणसं येणार, गाणी होणार, ज्यांनी खड्डा खणला, पेटी केली, अन्न आणलं, त्या सगळ्यांना ब्लँकेटं आणि बंदुका वाटल्या जाणार, आणि पहिलं पान आईचं, ते विस्तवाला द्यायचं. ते पान मूसच्या डोक्याच्या रश्श्याचं हवं. ताज्या डोक्याच्या. बाकी मांस होतं. गेल्या हिवाळ्याचं होतं, दुकानातलं गाईचंही आणता आलं असतं. पण म्हाताऱ्या माणसांच्या पुढ्यात नाक-जिभेचा रस्सा नसेल तर ते काही बोलणार नाहीत, भलं बोलून जेवतील आणि उठतील, आणि पुढची वीस वर्षं ल्युसिलचं, म्हणजे आईचं, पॉटलॅच म्हटलं की जरा गप्प होतील. आणि आई उपाशी जाईल. सेलिना कॉलेजात दोन वर्षं जीवशास्त्र शिकली होती, मेलेलं माणूस उपाशी राहत नाही हे तिला ठाऊक होतं. आई उपाशी जाईल हेही ठाऊक होतं.

मूस मिळत नव्हता, आणि त्याला कारण ती स्वतः होती, असं अख्खं गाव म्हणत होतं. झालं होतं असं, की ऑफिसातल्या ब्रेंडाने आपुलकीने विचारलं, जेवणाची सोय झाली का गं? आणि सेलिना फाइल चाळता चाळता म्हणून गेली, ‘हो, माझा भाऊ बुधवारी मूस आणतोय. चांगला मोठा नर.’ पिझ्झा सांगितल्यासारखं! तिच्या लोकांत असं बोलत नाहीत. मूस मारायला चाललो असं पोरसुद्धा म्हणत नाही. ‘जरा नदीवर फिरून येतो’ म्हणायचं. मिळाल्यावरही मारला म्हणायचं नाही, ‘काहीतरी दिसलं’ म्हणायचं. मूसला ऐकू जातं, आणि आपल्याला गृहीत धरणाऱ्याकडे कोण येईल? हे सेलिनाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं होतं, पण काउंटरवर बसून बसून तिला सगळ्याचीच वेळ आणि वार सांगायची सवय लागली होती. नेमकी त्याच वेळी मावसबहीण एडना पार्सल घ्यायला समोर उभी. तिचं तोंड उघडलं ते मिटेना. संध्याकाळपर्यंत गावात बभ्रा. त्यानंतर लॅम्बर्ट नदीच्या दोन्ही काठांनी बोट फिरवून थकला. पावलं दिसायची, पावलांत पाणी झिरपत असायचं, म्हणजे आत्ताच गेलेला, आणि मूस नाही. एडना रोज फोन करायची. ‘मी काही म्हणत नाही हं सेलिना, पण तूच बोललीस ना?’ लॅम्बर्ट तर काल इतका थकला होता की त्याने सरळच विचारलं, ‘तू आणखी कोणापुढे काही बरळलीस का?’ ‘अरे मी काय मुद्दाम बोलले का?’ ती ओरडली होती. ‘तुम्हाला नेम धरता येत नाही आणि खापर माझ्या जिभेवर!’ त्याने फोन ठेवून दिला. नेम धरायला समोर काही यावं तर लागतं.

हे सगळं डोक्यात भणभणत असताना शेडच्या मागे ताडपत्रीवर तिला ते दिसलं. शिंगं बघायला ऑफिसातले दोघेतिघे आधीच जमले होते, कोणीतरी मोजपट्टी लावत होता, वा वा चाललं होतं. सेलिनाने शिंगांकडे पाहिलंही नाही. शिंगांचं काय शिजतं? ती शिंगांच्या खाली बघत होती. अख्खं डोकं. ग्लेनने ते मानेपासून तसंच्या तसं, कातड्यासकट आणलं होतं, भिंतीवर लावायला. नाकावर विलोच्या झुडपाचं एक पिवळं पान चिकटलं होतं. ओठाच्या कोपऱ्यातून जीभ जराशी बाहेर. गाल भरलेले. डोक्यात पेंढा भरणारा माणूस चार वाजता येऊन हे घेऊन जाणार होता, आणि मग कधीतरी, कुठल्या तरी बैठकीत, काचेचे डोळे लावून हे नाक टीव्हीकडे बघत बसणार होतं. सेलिनाच्या तोंडाला पाणी सुटलं. भूकच ती. निदान तेव्हा तिला तसंच वाटलं.

बाकीचे पांगल्यावर ती म्हणाली, ‘मांस घेते मी. आभारी आहे. पण मला डोकं हवंय.’

ग्लेन हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. ‘शिंगं?’

‘शिंगं तुमची तुम्हाला लखलाभ. त्याखालचं. नाक, ओठ, जीभ, गाल.’

‘पण मग चेहराच नाही राहणार,’ ग्लेन म्हणाला. तो खरोखर गोंधळला होता. ‘नुसती शिंगं भिंतीवर... म्हणजे, ते वेगळं. सेलिना, पाय घ्या, खांद्याचे फरे घ्या, पाठीचं मऊ मांस मी स्वतःसाठी ठेवलंय, तेही घ्या.’

‘तुम्हाला नको ते सगळं मला देताय तुम्ही.’

हे तिने फार शांतपणे म्हटलं होतं, पण त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ‘मी तसल्यांपैकी नाही हो,’ तो म्हणाला. ‘आम्ही खातो. आमच्याकडे थंडीभर हरणच असतं. माझ्या वडिलांनी मारलेल्या एका हरणाचं डोकं जेवणाच्या टेबलावर, भिंतीला होतं. त्याच्या खाली बसून जेवायचो आम्ही सगळे. वडील गेले तेव्हा भावांनी घर घेतलं, गाडी घेतली, मी ते डोकं मागून घेतलं.’ तो थांबला, आणि गुडघ्यावर हात घासायला लागला. ‘मला परत इकडे यायला जमायचं नाही. छपरांवर चढून चढून गुडघे गेले. ह्याच्या पुढ्यात मी फार वेळ उभा होतो, सेलिना. बंदूक वर करायच्या आधी. तो क्षण विसरायला होईल हो. भिंतीवर असला की...’

झालं! आता हा रडणार. सेलिनाला वैताग आला तो ह्याचाच. दात विचकून फोटो काढणारा, जनावराच्या मानेवर पाय देऊन उभा राहणारा एखादा नग मिळाला असता तर किती सोपं झालं असतं. तिने आयुष्यभर अशा माणसासाठी वाक्यं तयार ठेवली होती. एकेक धार लावून. आणि नेमका तिच्या वाट्याला आला हा, बापाची आठवण काढणारा, गुडघे दुखणारा, स्वच्छ मांस आणणारा माणूस. ‘आणि आम्ही विसरतो असं वाटलं होय तुम्हाला?’ ती म्हणाली. ‘आम्हीही आठवण म्हणूनच मागतोय. आम्ही ते खातो एवढंच. खाल्लं की ते आपल्यातच राहतं.’ हे बोलल्याबरोबर तिला स्वतःचीच शिसारी आली. पर्यटकांसाठी लावलेल्या फलकावरचं वाक्य! आई असती तर म्हणाली असती, पुरे, भूक लागली असेल तर भूक लागली म्हण.

ग्लेन मात्र त्यावर विचार करत बसला. ताडपत्रीच्या कडेला उकिडवा बसला, कसाबसा, एक हात जमिनीवर टेकून. ‘तुमच्या आईला आवडायचं? नाक?’

‘आवडायचं म्हणजे,’ सेलिना म्हणाली, आणि जे सांगायचं नव्हतं तेच तोंडातून निघालं. ‘शेवटी मी करून दिलं, तर म्हणाली मीठ जास्त पडलंय.’

तो हसला नाही. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. मग म्हणाला, ‘घ्या. शिंगं तेवढी मला नीट काढून द्या. कवटीचा वरचा तुकडा राहू द्या त्यांना.’ आणि वर, ‘चार वाजता तो येईल त्याला मी सांगतो काहीतरी.’

सेलिना करवत आणायला आत वळली आणि खिशात फोन वाजला. लॅम्बर्ट. बोटीच्या इंजिनाचा आवाज, वारा, मध्येच तुटणारे शब्द. ‘ऐकू येतंय का? मामांना फोन लागत नाहीये. सांग त्यांना, मोठी भांडी बाहेर काढा.’ ‘कुठली मोठी?’ ‘दोन्ही.’ तो कधीच ह्याहून जास्त सांगणार नव्हता, आणि ह्याहून जास्त सांगायची गरजही नव्हती. ती वजनकाट्यावरच बसली. आई जेवणार! तिच्या जिभेने काही बिघडलं नव्हतं, किंवा बिघडलं होतं आणि आता माफ झालं होतं. एडनाच्या तोंडाला कुलूप. ‘सावकाश या,’ ती म्हणाली, आणि फोन बंद करून मामांना दोन वाक्यांत निरोप दिला, आणि नाक पुसून उठली.

आणि मग खिडकीतून तिला ग्लेन दिसला. मूसच्या नाकावरचं ते पान तो अंगठ्याने, हळूच, काढत होता. वेळ भरपूर होता. बाहेर जाऊन म्हणायचं, ग्लेन, भावाला मिळाला, राहू द्या तुमचा तुम्हाला. एका वाक्याचं काम. त्याचा चेहरा कसा उजळला असता हेही तिला दिसलं, आणि तेच तिला सोसेना. सगळे सप्टेंबर एकदम वर आले. ‘तुमच्या लोकांना चालतं ना’ वर आलं. काठावर दिवसभर सुरी घेऊन बसलेली आई, तिच्या कोपरापर्यंत चिकटलेल्या माश्या, डोंगराआड गेलेलं विमान, सगळं. आणि त्याच्याखाली थंड डोक्याने हिशेब करणारं कोणीतरी म्हणत होतं, दोन डोकी असली तर रस्सा पुरून उरेल, म्हाताऱ्यांना दोनदा वाढता येईल, वाया तर काहीच जाणार नाही. खरं होतं ते. एकही शब्द खोटा नव्हता. तिने भिंतीवरची करवत काढली, सुरी घेतली, प्लास्टिकचं घमेलं घेतलं. ‘वाईट बातमी नाही ना?’ ग्लेनने विचारलं. ‘नाही हो. भाऊ होता,’ ती म्हणाली. हेही खरंच होतं.

त्याने शिंगं दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि तिने कातड्याला सुरी लावली. कातडी जाड, थंड, खालून पांढरी. ग्लेन बोलायला लागला, पहाटे कसं धुकं होतं, तो कसा विलोतून बाहेर आला, आणि सेलिना वर न बघता म्हणाली, ‘बोलू नका. त्याच्यापुढे असलं बोलू नका.’ तो लहान मुलासारखा गप्प झाला. मग नुसता करवतीचा आवाज. तिच्या मनगटांत बळ आलं होतं. घाम येत होता, बरं वाटत होतं, इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, आणि आपल्याला एवढं बरं का वाटतंय हे बघायला ती क्षणभरही थांबली नाही. शिंगं सुटली तशी ग्लेन मागे धडपडला. त्याच्या हातात शिंगं होती आणि मध्ये हाडाची एक चकती. ‘हलकी झाली की,’ तो म्हणाला. तिने डोकं घमेल्यात ठेवलं, वरून ओलं फडकं टाकलं. मांसाच्या पिशव्या गाडीत चढवायला त्याने मदत केली, एक पाय ओढत. ‘उद्याचं सगळं नीट होऊ द्या,’ म्हणाला. ती ‘थँक यू’ म्हणाली, काउंटरवर म्हणते तसं.

गावापर्यंत दोन तासांचा रस्ता. बर्चची झाडं पिवळी झाली होती, समोर उतारावर ऊन होतं, आणि सेलिना गाडी चालवता चालवता गोष्ट जुळवत होती. ‘तुम्हाला नको ते सगळं मला देताय’, हे वाक्य तिने जरा पुढे आणलं. आपण मिठाचं बोललो ते काढून टाकलं. बाप आणि हरीण ठेवलं, पण जरा मजेशीर केलं. पंचायतीच्या हॉलमागे पुरुषांनी जाळ केला होता, मोठी भांडी चढली होती, एकात लॅम्बर्टने आणलेलं डोकं केस जाळून, तुकडे करून पडलेलंही होतं, आणि एनॉक मामा, आईचे थोरले भाऊ, बादलीवर बसून लांब पळीने फेस काढत होते. सेलिनाने घमेलं त्यांच्यासमोर ठेवलं आणि फडकं काढलं. ‘अगं बाई! हे कुठलं?’ एडना ओरडली, आणि माणसं जमली, आणि सेलिनाने गोष्ट सांगितली. ग्लेनचा मऊ आवाज काढला. त्याचे ते गुडघे, तो लाल झालेला चेहरा. ‘शिंगं ही एवढी!’ तिने दोन्ही हात पसरले, पुरेनात म्हणून एक पाऊल बाजूला टाकलं. ‘एवढी! आणि खाली चेहराच नाही! आता ओहायोत बसून लावा म्हणावं टोपी भिंतीला!’ बायका हातांनी तोंड झाकून हसत होत्या, कोणीतरी ‘शाब्बास गं’ म्हणालं, एडनाने तर तिचा दंड दाबला. चार दिवस तिला तोंड लपवायला लावलेल्या गावात ती आता मधोमध उभी होती.

मामा हसत नव्हते. रागावलेही नव्हते. त्यांनी पळी झटकली.

‘लॅम्बर्टने तुलाच फोन केला होता ना दुपारी?’

‘हो. मीच नाही का तुम्हाला निरोप दिला.’

‘मग हे त्याच्या आधी कापलंस का नंतर?’

सेलिना एडनाकडे बघायला लागली. एडना जाळाकडे बघत होती. ‘नंतर,’ सेलिना म्हणाली. ‘पण मामा, वाया थोडंच जाणारेय? दोन्ही शिजतील की.’

‘शिजतील. आणि तो माणूस कुठेय?’

‘कोण, ग्लेन? असेल हॉटेलात. सकाळच्या विमानाने जाईल.’

‘त्याला जेवायला नाही बोलावलंस?’

‘अहो, तो शिकारी आहे. कोण कुठला, शिंगांसाठी आलेला...’

मामांनी घमेल्यात वाकून नीट पाहिलं. गालावर बोट दाबून पाहिलं, चांगलं आहे अशी मान हलवली. ‘म्हणजे डोकं काढून घेतलंस,’ ते म्हणाले, मीठ कमी आहे असं सांगावं तितक्याच साधेपणाने, ‘आणि माणूस तिथेच टाकून आलीस.’

लाकडं तडतडली. लॅम्बर्टने उगाच एक ओंडका आत सरकवला. सेलिनाला आधी नुसता संताप आला, मामांचा, त्या थंड डोक्याच्या म्हाताऱ्याचा. हे काय बोलणं झालं? तिने गावासाठीच केलं ना सगळं? आईसाठीच ना? तिचे हात अजून थोडे पसरलेलेच होते, ते तिने जॅकेटच्या खिशात घातले. खिशात गाडीची किल्ली होती. कटकट! म्हणजे आता परत दोन तास जा, परत दोन तास या, त्याला बसायला जागा करा, उद्या सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर ब्लँकेट घाला, आणि त्या ब्लँकेटात तो रडणार, नक्की रडणार. ती तरातरा गाडीकडे गेली आणि दार इतक्या जोराने आपटलं की कुत्री भुंकायला लागली.

टेकडीवर फोनला रेंज येते. तिथे तिने गाडी कडेला घेतली. तो लगेच बोलला. ‘सेलिना? मांसाला काही झालं का?’

‘मांस उत्तम आहे. तुम्ही उद्या इथे जेवायला यायचंय.’

‘मी? पण सकाळी माझं विमान...’

‘विमानांचं मला सांगू नका. विमानांच्याच काउंटरवर बसते मी.’ खालून नदी दिसत होती, आणि हॉलमागचा धूर. आता एवढं बोलून फोन ठेवता आला असता. तो आला असता, जेवला असता, त्याला कधीच कळलं नसतं. ‘ग्लेन,’ ती म्हणाली, ‘माझ्या भावाला दुपारीच मिळाला होता. तुम्ही शिंगं धरायच्या आधीच मला फोन आला होता. मला तुम्ही दिलेल्या डोक्याची गरज नव्हती.’

पलीकडून तो म्हणाला, रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं, ‘मग कापलंत कशाला?’

रस्सा पुरून उरेल, हे तिच्या ओठावर आलं. म्हातारी माणसं आली. आईच्या हातांवरच्या माश्या आल्या. सगळं आलं आणि एकेक करून परत गेलं.

‘हवं होतं म्हणून,’ ती म्हणाली.

‘हं,’ ग्लेन म्हणाला. ‘ते मला कळतं.’

आणि सगळं जग सोडून ह्या माणसाला ते कळावं, ह्याचा तिला इतका संताप आला की तिने स्टिअरिंगवर मूठ आपटली, आणि मग तशीच, ते धरून, बसून राहिली. ‘आवरून ठेवा,’ थोड्या वेळाने ती म्हणाली. ‘थंडी आहे इथे, गरम काहीतरी घाला. मी घ्यायला येतेय.’